बोटभर उघडी रेघ

१

जुनी भिंत वाचायची असेल तर ती आधी भिजवावी लागते, हे लेकीला आप्पांनीच शिकवलं होतं. कोरड्या विटांवर नुसता मळकट डाग दिसतो. पाण्याचा बारीक फवारा मारला की विटा काळवंडतात आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा रंग, पोटात दडवलेली गोष्ट माणसाने नाइलाजाने सांगून टाकावी, तसा वर येतो. साबण, दिव्यांचे बल्ब, खोकल्याचं औषध, शिवणयंत्र. दहा-बारा मिनिटं अक्षरं उभी राहतात. मग ऊन त्यांना पुसून टाकतं.

आप्पांनी चाळीस वर्षं भिंती रंगवल्या होत्या. वय आता एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून ते खिडकीपाशी नामस्मरण करत बसत. नाम ओठांवर असे, पण मन कुठेच नसे, आणि याची लाज त्यांना देवापाशीच वाटे. लेक फोटो काढण्याचं काम करायची. आई गेल्यावर ती आप्पांकडे राहायला आली. जुन्या बाजारातल्या इमारती पाडायला काढल्या आहेत हे कळलं तेव्हा तिने ठरवलं की भिंतींवरच्या जाहिरातींचं एक पुस्तक करायचं. तिने आप्पांना खिडकीपासून अक्षरशः उठवलं.

"तुम्ही नुसतं सांगायचं, कुठला हात कोणाचा ते. हात लावायचा नाही. पाणी आणि कॅमेरा, बाकी काही नाही."

"म्हणजे मी बोलका फळा."

"फळा बरा. तो मध्येच डुलक्या काढत नाही."

रोज सकाळी आठला दोघे निघत. ती फवारा मारी, आप्पा अक्षराच्या शेपटीवरून रंगवणाऱ्याला ओळखत. हा घाईचा हात. हा दारूचा हात, पण सरळ रेघेला कधी चुकायचा नाही. हा माझा, आणि हा शब्द मी त्या दिवशी ताप असताना लिहिला. तिला हसू यायचं. लहानपणी आप्पांची अक्षरं सुकण्याआधी ती त्यांच्यावर बोटाने ठिपके द्यायची, म्हणून ते तिला अजूनही ठिपकेच म्हणत.

सतराव्या दिवशी ते औषधांच्या एका जुन्या गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी आले. गोदामाचा रखवालदार स्टुलावर बसून बघत होता.

"पाणी घालताय, भिंतीला काय फुलं येणार आहेत?"

"येतात कधीकधी," आप्पा म्हणाले.

फवारा पडला. दोन पुरुष उंचीचं चित्र वर आलं. शक्तिवर्धक औषधाची जाहिरात. टेबलापाशी बसलेला नवरा, शेजारी मूल, आणि हातात बाटली व चमचा घेऊन उभी असलेली बाई. चेहरा थोडा वळलेला, डावा गाल आपल्याकडे. खाली मोठ्या अक्षरांत: दोन चमचे रोज, घर हसतमुख. आप्पांनी आपसूक चपला काढल्या.

"उस्तादांचं काम आहे," ते म्हणाले. "माझ्या उस्तादांचं."

लेकीने फोटो काढले. आप्पा पुढे गेले आणि बाईच्या कानापाशी थांबले. सगळ्या आकृतीभोवती एक अखंड काळी रेघ होती. डाव्या कानामागे मात्र ती तुटलेली होती. बोटभर जागा.

"रेघ उघडी राहिलीय."

"विसरले असतील, आप्पा."

"उस्ताद जेवायला विसरायचे, रेघ नाही विसरायचे. आमच्यात माणसाची रेघ शेवटी बंद करतात. मालक येऊन म्हणतो, बाईला जरा जाड करा, मग तिथून रेघ सोडवून बदलता येते."

"एवढंच कारण?"

"उस्ताद आणखी एक सांगायचे. रेघ उघडी आहे तोवर तो रंग आहे. बंद केली की तिथे कोणीतरी उभं आहे." आप्पा स्वतःशीच हसले. "आम्हा पोरांना आळस करू नये म्हणून सांगत असतील. पण इथे काम पुरं आहे, कोपऱ्यात सही आहे, आणि रेघ तेवढी उघडी."

लेक बाटली भरायला कोपऱ्यापलीकडच्या नळाकडे गेली. कॅमेरा तिच्या खांद्यावर होता. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

चाळीस वर्षांची सवय ही माणसाहून थोरली असते. आप्पांच्या खिशात गेरूचा खडू असायचाच. उस्तादांचं काम अपुरं राहावं हे त्यांना सोसेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चोरी करणाऱ्याने पाहावं तसं, आणि एका श्वासात ती रेघ जोडली.

नळाचा आवाज थांबला.

लेक परत आली. बाटली रिकामी होती.

"पाणी गेलं का?" आप्पांनी विचारलं.

"गेलं."

कोपऱ्यापलीकडे नळ ठिबकत होता, ते आप्पांना स्पष्ट ऐकू येत होतं.

२

फवाऱ्यात उरलेलं थोडं पाणी आप्पांनी स्वतःच मारलं. नवरा वर आला, मूल वर आलं. टेबल, पेला, खालची अक्षरं, सगळं आलं. बाईच्या जागी विटा होत्या. नुसत्या भिजलेल्या विटा, कधी रंग न लागलेल्या वाटाव्यात इतक्या स्वच्छ.

"वीट पाणी पिऊन बसली," आप्पा म्हणाले. असं होतं. एकच जागा वारंवार भिजली की रंग दगा देतो. त्यांनी हे स्वतःला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा पटलं होतं, तरी.

लेकीने फोटो घेतला नाही. ऊन बरंच चढलं होतं, थकली असेल.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "आज फार चालवलं मी तुला."

ती स्वयंपाकघरात उभी होती. "थकवा गेला," ती म्हणाली. "घर हसतमुख."

आप्पांना हसू फुटलं. जाहिरातीच्या भाषेत थट्टा करते आहे माझी. ते बराच वेळ हसत राहिले, कारण त्या हसण्यात कोणी सामील होत नव्हतं आणि थांबावं कुठे ते कळत नव्हतं.

३

पुढचे तीन दिवस ते बाहेर पडले नाहीत. ती म्हणत होती, "त्या भिंतीचं थोडं राहिलंय, आप्पा." आणि आप्पांना, का कोण जाणे, दुसऱ्या कुठल्याही भिंतीकडे जायचं होतं, त्या एका भिंतीकडे नव्हतं.

घर लहान. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मध्ये जेवणाचं टेबल. सकाळचा चहा दोघे तिथे घेत. आप्पा घेत. तिचा पेला भरलेला असे आणि उठताना भरलेलाच असे. चमच्याने ती तो ढवळत राही, पण चमचा काचेला लागल्याचा आवाज होत नसे. हनुवटीवर तिचा जुना व्रण होता, लहानपणी आप्पांच्या परांचीवरून पडल्याचा. खाल्लेली नखं होती. सगळं तिचंच होतं. आप्पांनी एकेक करून तपासलं, रंगाऱ्याने मापं तपासावी तसं, आणि प्रत्येक माप जुळलं.

चौथ्या सकाळी त्यांच्या ध्यानात आलं की तीन दिवसांत आपण तिचा उजवा गाल पाहिलेला नाही.

चित्रकलेतली एक अगदी साधी गोष्ट आहे. चित्रातल्या माणसाभोवती तुम्ही कितीही फिरा, तो तुम्हाला तितकाच दिसतो. डाव्या हाताला जा, उजव्या हाताला जा. त्याची नजर आणि त्याचा गाल तुमच्यासोबत येतात. लोकांना यात चमत्कार वाटतो. धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं की यात चमत्कार काही नाही. पलीकडची बाजू काढलेलीच नसते, म्हणून ती दिसत नाही.

आप्पा चहाचा पेला घेऊन उठले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

तिचा डावा गाल त्यांच्याकडे होता.

"तिकडे ऊन होतं," ते म्हणाले.

"हो, आप्पा."

ते पुन्हा उठले. साखर हवी असं पुटपुटत कपाटाकडे गेले, तिच्या पाठीमागे. तिने मान वळवली नव्हती. खुर्ची सरकली नव्हती. त्यांनी कपाटापाशी उभं राहून मागे पाहिलं, आणि डावा गाल, डावा कान, कानामागची बट, सगळं त्यांच्या समोर होतं. ओठांवर तेच मंद हसू.

कपाटाला काच होती. आप्पांनी डोळे काचेकडे वळवले. काचेत टेबल दिसत होतं, भरलेला पेला दिसत होता, पलीकडची खिडकी दिसत होती. खिडकीचा पडदा पूर्ण दिसत होता, मध्ये काहीही न येता.

साखरेचा डबा त्यांच्या हातातून पडला. ती हसतच होती.

४

विचारी माणूस अशा वेळी देवाकडे जाण्याआधी डॉक्टरकडे जातो. आप्पाही गेले. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. "मी येते," असं लेक म्हणाली, आणि नको म्हणायला आप्पांकडे कारण नव्हतं. स्वतःच्या लेकीला माणूस नको का म्हणेल?

वाटेत ते एक पाऊल पुढे चालले. मागून तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. वळून पाहिलं की ती तेवढ्याच अंतरावर उभी असे.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली दोन्ही डोळे पाहिले, अक्षरं वाचून घेतली.

"आप्पा, तुमचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. तक्रार काय आहे नेमकी?"

"एका माणसाची एकच बाजू दिसते."

"माझ्या नवऱ्याचंही असंच आहे. त्याला नेहमी स्वतःचीच दिसते." त्या हसल्या, मग आप्पांचा चेहरा पाहून थांबल्या. "झोप लागते का? वहिनी गेल्यापासून एकटे पडलात."

"लेक आहे ना सोबत."

"आज आली आहे?"

"बाहेर बसली आहे."

डॉक्टरीणबाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. त्यांना वेळ लागला. आप्पांनी मनातल्या मनात विनवलं की बाईंनी म्हणावं, बाहेर कोणी नाही. मग दोष आपल्या डोक्याचा ठरेल. डोक्याचा दोष चालेल. म्हाताऱ्या डोक्याचं काय एवढं.

"आहेत की," त्या म्हणाल्या. "भिंतीला टेकून उभ्या आहेत. हसतायत माझ्याकडे बघून." त्यांनी दार लावलं आणि आवाज खाली आणला. "आप्पा, बरं नाही का त्यांना? बाकावर पोरं उड्या मारतायत, टेबलावर फोन वाजतोय. त्यांची पापणीसुद्धा लवत नाही."

५

कॅमेरा तिच्या खोलीत खुंटीला होता. चार दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता. जी मुलगी जेवतानाही कॅमेरा मांडीवर ठेवायची, तिने.

दुपारी आप्पा त्या खोलीत शिरले. लेक स्वयंपाकघरात उभी होती. आता ती सहसा उभीच असे. खोलीत तिच्या अंगाचा वास नव्हता. जुन्या भिंतीवर पहिला फवारा पडला की येतो, तो ओलसर, चुनखडीचा वास होता. पलंगावरची चादर चार दिवसांपूर्वीच्या घडीत होती.

कॅमेऱ्यातले फोटो कसे बघायचे ते तिने त्यांना शिकवलं होतं. ते एकेक मागे सरकवत गेले. शिवणयंत्र. बल्ब. त्यांचा स्वतःचा एक फोटो, डुलकी काढताना, तिने चोरून घेतलेला. मग ती भिंत. नवरा, मूल, बाई. कानामागे रेघ उघडी. चार फोटो एकसारखे.

पाचवा फोटो त्यांना ठाऊक नव्हता.

त्यात आप्पा होते. अगदी जवळून, समोरून. वर उचललेला हात, बोटांत गेरूचा खडू, किंचित उघडं तोंड, काम करताना नेहमी होतं तसं. त्यांच्या मागे रिकामी गल्ली आणि दूर स्टुलावर पाठमोरा रखवालदार. आप्पांच्या समोर त्या क्षणी भिंतीशिवाय काहीच नव्हतं, नाक घासेल इतक्या जवळ. आणि फोटो तिकडूनच घेतलेला होता.

त्याच्या पुढे एकच फोटो होता. त्यात सगळीकडे विटांचा लालसर अंधार होता, आणि मध्यभागी, हलल्यामुळे धूसर झालेला, एका हाताचा पंजा. पंजा काचेवर दाबावा तसा चपटा झालेला. नखं खाल्लेली.

"आप्पा," दारातून आवाज आला. "त्या भिंतीचं थोडं राहिलंय."

आप्पांनी मान वर केली नाही. खाली पाहत, कॅमेरा छातीशी धरून, ते तिच्या शेजारून दाराबाहेर पडले. जाताना त्यांचा खांदा तिला लागायला हवा होता. लागलं ते चौकटीचं लाकूड.

६

त्यांनी ठिपकेला हाक मारली नाही. रडलेही नाहीत. पाण्याची मोठी बाटली आणि फवारा घेतला, आणि आयुष्यात कधी गेले नव्हते इतक्या घाईने त्या गोदामाकडे गेले. तोंडात नाम होतं. ते तुटत होतं, आणि आप्पा ते पुन्हा पहिल्यापासून धरत होते.

आपण रेघ बंद केली आणि आतलं बाहेर आलं. बाहेरचं आत गेलं. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं. पण वेडेपणाची खात्री करून घ्यायलासुद्धा भिंत भिजवावीच लागणार होती.

"बरं झालं आलात," रखवालदार म्हणाला. "उद्या सकाळी मशीन येतंय पाडायला. काय फुलं बघायची ती आज बघून घ्या."

"बघतो."

"ताईंना एवढं मागे का ठेवलंत? त्या बघा, कोपऱ्यावर उभ्या आहेत कधीच्या."

आप्पांनी पाहिलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. गल्लीच्या तोंडाशी लेक उभी होती, डावा गाल त्यांच्याकडे. तिच्या पायापाशी दोन्ही बाजूंच्या घरांच्या सावल्या पडल्या होत्या. तिची पडली नव्हती.

ते भिंतीशी गेले आणि फवारा मारला. घाईत पाणी वाकडंतिकडं पडलं. आधी नवरा आला. मग मूल आलं. मग मधल्या स्वच्छ विटांवर, पाणी खाली ओघळू लागलं तशी, एक आकृती वर येऊ लागली.

हातात बाटली होती आणि चमचा होता. उभं राहण्याची ढब उस्तादांच्या बाईचीच होती. पण हनुवटीवर व्रण होता. चमचा धरलेल्या बोटांची नखं खाल्लेली होती. चेहरा हसण्याच्या आकारात काढलेला होता आणि डोळे हसत नव्हते. डोळे थेट आप्पांकडे पाहत होते, लहानपणी परांचीवरून पडल्यावर पाहिलं होतं तसे. ओरडायला श्वासच न उरलेल्या मुलासारखे.

"ठिपके," आप्पा म्हणाले.

आकृतीभोवती काळी रेघ होती. पायांपासून वर आलेली, खांद्यावरून वळलेली, केसांना वेढून खाली उतरलेली. डाव्या कानामागे ती थांबली होती. बोटभर जागा उघडी होती.

आप्पांनी उजव्या हाताचा अंगठा त्या जागेवर ठेवला आणि दाबून धरला. ही फट जोडली गेली तर ती कायमची आत राहील; अंगठा होता तोवर कोणाला काही जोडता येणार नव्हतं. वीट गरम होती. उन्हाने तापली असेल असं म्हणावं, तर आजूबाजूच्या विटा पाण्याने गार पडल्या होत्या. अंगठ्याखाली काहीतरी बारीक उडत होतं. थांबत होतं, उडत होतं. पत्नीच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी तिच्या मनगटावर असाच अंगठा ठेवून तासन् तास मोजलं होतं, म्हणून ते काय आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मग त्यांना उमगलं की आपण हे काय करून बसलो आहोत. अंगठा काढला तर ती त्या फटीतून कदाचित येईल. किंवा अंगठा निघताच कोणी ती फट बुजवेल. अंगठा ठेवला तर ती आतच राहील, आणि भिंत सुकत होती. चमच्याचं टोक फिकं झालं होतं. मुलाचा चेहरा गेलाच होता. डाव्या हाताने ते फवारा मारत राहिले. बाटली हलकी होत गेली.

"ताई आल्या बघा," रखवालदार लांबून म्हणाला.

पावलं वाजली नाहीत. ओलसर, चुनखडीचा वास मात्र मानेपाशी आला.

"आप्पा," लेकीचा आवाज म्हणाला. त्यात माया होती, अगदी हुबेहूब तिची. "एवढंच राहिलंय. करून टाका ना."

"नाही."

"तुमचं काम कधी अपुरं राहिलंय का?"

आप्पांनी कपाळ विटांना टेकवलं. मागे वळायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी शिरलं, चपटं, बोटांपेक्षा कागदासारखं, आणि गेरूचा खडू घेऊन बाहेर निघालं.

ते वाट पाहत राहिले की आता आपला अंगठा ओढला जाईल. त्यांनी दात आवळले, सगळा भार त्या एका बोटावर टाकला. पण कोणी ओढलं नाही. खडूचं टोक त्यांच्या नखाच्या कडेला अलगद टेकलं. मग सरावाच्या हाताने, जराही न कापता, ते अंगठ्याभोवती फिरलं, मनगटावर उतरलं, आणि बाहीच्या कडेकडेने कोपराकडे निघालं.

जिथे रेघ गेली होती तिथे आधी गार वाटलं, मग काहीच वाटेनासं झालं. फवारा त्यांच्या हातून खाली पडला. अंगठ्याखाली मात्र अजून लागत होतं. थांबत होतं, उडत होतं.

आप्पांनी हात हलवला नाही.